हरहुन्नरी एल्फ आणि वतनदार चोर

रॉबर्ट हॉवर्डच्या गोष्टींतला कोनन तलवारबाज आहे, चोर आहे, चाचा आहे, भाडोत्री शिपाई आहे आणि उतारवयाकडे झुकताना राजाही आहे. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर तलवारीत तरबेज, घरफोडीत पटाईत. शिवाय पोरवयात एका मांत्रिकाकडे उमेदवारी केलेली, त्यामुळे अडीनडीला जादूटोण्याचाही प्रयत्न करून बघणारा. गॅरी गायगॅक्स हा अशा गोष्टींवर पोसलेला माणूस. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सूत्रधारांसाठी त्याने १९७९ साली जो जाडजूड ग्रंथ काढला, त्याच्या परिशिष्टात हॉवर्ड आणि लायबर या दोघांचंही ऋण त्याने मान्य केलं आहे. तरीही त्याच्या हातून जो खेळ घडत गेला त्यात लढायचं एकाने, मंत्र टाकायचे दुसऱ्याने, जखमा बऱ्या करायच्या तिसऱ्याने आणि कुलूप उघडायचं चौथ्याने, अशी वाटणी झाली. नायक हरहुन्नरी असलेल्या गोष्टींतून एककलमी पात्रांचा खेळ निघाला.

कारण साधं आहे. गोष्टीत नायक एक असतो, फार तर दोन. खेळाच्या टेबलाभोवती पाच-सहा जण बसलेले असतात आणि प्रत्येकाला आपली पाळी हवी असते. सगळ्यांनाच सगळं येत असेल तर जो मोठ्याने बोलतो तोच खेळतो.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. एक जण सूत्रधार. आधी त्याला रेफरी म्हणत, पुढे ‘डंजन मास्टर’ हे नाव रूढ झालं. तो तळघराचं, जंगलाचं, शहराचं वर्णन करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. जिथे निकाल अनिश्चित तिथे फासे. पात्राची शक्ती, बुद्धी, चपळाई वगैरे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात. पात्र कोणत्या धंद्यातलं हे सांगणारा त्याचा ‘क्लास’ असतो आणि अनुभव जमेल तशी चढत जाणारी ‘लेव्हल’ असते. आपलं पात्र एकाच कामात धारदार करायचं की चार कामांत बरं ठेवायचं, हा वाद गेली पन्नास वर्षं या टेबलांवर चालू आहे. माझ्या मते त्या वादाचं मूळ खेळाडूंच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ते नियमांच्या वंशावळीत आहे. आरंभी या खेळात विशेषज्ञ नव्हता, म्हणून हरहुन्नरीही नव्हता. एकेक काम एकेकाच्या नावावर चढत गेलं, तेव्हा कुठे ‘सगळं थोडंथोडं येणारा’ हा वेगळा प्रकार दिसू लागला.

वंशावळ अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून सुरू होते. मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणारी एक मंडळी होती. १९६९ साली त्यांच्यातल्या डेव्ह वेसलीने ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा खेळ मांडला. काळ नेपोलियनचा. खेळाडूंना पलटणी देण्याऐवजी त्याने एकेक माणूस दिला: कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकर, कोणी विद्यापीठाचा कुलपती. ही माणसं एकमेकांपासून वेगळी होती ती त्यांच्या हेतूंमुळे. कोणाला काय जमतं याचा तक्ता तिथे नव्हता. ही गोष्ट पुढे हरवली. वेगळेपण ‘तुला काय हवं आहे’ यावरून सरकून ‘तुला काय येतं’ यावर गेलं, आणि या खेळाच्या इतिहासातलं ते सगळ्यात मोठं वळण आहे असं मी मानतो.

त्याच मंडळींतल्या डेव्ह अर्नेसनने १९७१च्या सुमारास ब्लॅकमूर नावाची आपली जादुई मुलूखगिरी सुरू केली. हाताशी नियम होते ते गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’चे. मध्ययुगीन लढायांच्या त्या पुस्तकाला शेवटी अद्भुताची पुरवणी जोडलेली होती. त्या पुरवणीत ‘हिरो’ चार सैनिकांच्या तोडीचा आणि ‘सुपरहिरो’ आठांच्या तोडीचा. पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लढवय्याच्या चौथ्या लेव्हलला हिरो आणि आठव्या लेव्हलला सुपरहिरो ही पदवी मिळते, ती याच हिशोबातून आलेली. दुसरा धंदा मांत्रिकाचा. तिसरा आला तो मात्र एका अडचणीपोटी.

ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हॅम्पायर झालं होतं, सर फँग नावाचं. ते इतकं माजलं की बाकीच्यांचं त्याच्यापुढे काही चालेना. त्याला आवरण्यासाठी माइक कार या खेळाडूने धर्मगुरूचं पात्र घेतलं. भुताखेतांना पवित्र चिन्ह दाखवून पळवून लावणारा आणि जखमा बऱ्या करणारा ‘क्लेरिक’ तो हाच. पन्नास वर्षांनंतरही नवा डाव मांडताना ‘क्लेरिक कोण घेणार?’ हा प्रश्न निघतो. बहुतेक वेळा जो उशिरा येतो त्याच्या गळ्यात ते पात्र पडतं. त्या प्रश्नाच्या मुळाशी एका टेबलावरचा एक डोईजड व्हॅम्पायर आहे. विशेषज्ञ असाच जन्मतो. आधी अशी अडचण येते की जी कोणालाच सुटत नाही. मग ती सोडवणारा माणूस येतो. अडचण निघून गेली तरी माणूस राहतो.

जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून खेळ छापून निघाला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. क्लास तीनच: लढवय्या, मांत्रिक, क्लेरिक. त्या पुस्तिका आज वाचताना सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं ते या तिघांतलं अंतर किती कमी होतं याचं. पहिल्या लेव्हलला तिघांचा वार सारखाच लागे. पोलादी चिलखत आणि ढाल घेतलेल्या शत्रूला लागायला वीस बाजूंच्या फाशावर १७ किंवा जास्त, उघड्या अंगाच्या शत्रूला १० किंवा जास्त, मग मारणारा कोणीही असो. खंजीर असो की दोन हातांनी पेलायची तलवार, जखम एका साध्या सहा बाजूंच्या फाशाची. मांत्रिकाला दिवसाला एक मंत्र, क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही नाही. लढवय्याची तग धरण्याची ताकद इतरांपेक्षा एका गुणाने जास्त. फरक होता तो चिलखत कोणी घालायचं आणि पुढे जाऊन कोण काय होणार यात. बाकी भिंतीवर चढणं, दबकत जाणं, सापळे हुडकणं, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवणं ही कामं कोणाच्याच नावावर नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती.

याच पुस्तिकांत एल्फ आहे, माणसाहून वेगळ्या, परीकथांतल्या जमातीचा. त्याने लढवय्या म्हणून सुरुवात करावी किंवा मांत्रिक म्हणून, आणि प्रत्येक मोहिमेच्या आधी वाटेल तेव्हा धंदा बदलावा. फक्त एका मोहिमेच्या मध्येच बदलू नये. मर्यादा एवढीच की लढवय्या म्हणून चौथ्या लेव्हलच्या आणि मांत्रिक म्हणून आठव्या लेव्हलच्या पलीकडे जाता येणार नाही. माणसाला अशी कमाल मर्यादा नव्हती. आजच्या प्रत्येक दुरंगी पात्राचा मूळपुरुष हा एल्फ. त्याच्याशी केलेला करारही तेव्हाच ठरला: दोन्ही घे, पण शिखर मागू नकोस.

मग चोर आला. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला एअरो हॉबीज नावाचं दुकान होतं. तिथे खेळणाऱ्यांनी चोराचं पात्र स्वतःच तयार केलं होतं. दुकानाच्या गॅरी स्वित्झरकडून ती कल्पना गायगॅक्सच्या कानावर गेली. त्याने त्यावरून आपला चोर लिहिला. तो १९७४ मध्येच एका छोट्या वार्तापत्रात आला आणि १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत खेळाचा अधिकृत भाग झाला.

चोर येण्याआधी तळघरातल्या पेटीसमोर काय होत असे ते जवळून पाहण्यासारखं आहे. सूत्रधार सांगतो: कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांची पेटी आहे. एक खेळाडू विचारतो, पेटीभोवतीच्या फरशीवर धूळ सारखी आहे का? दुसरा म्हणतो, मी पखालीतलं पाणी ओततो, ते एखाद्या फटीत मुरतंय का पाहतो. तिसरा दहा फुटी काठीने झाकण लांबून उचलू पाहतो. ही दहा फुटी काठी १९७४च्या सामानाच्या यादीत एका सोन्याच्या नाण्याला मिळे आणि अनुभवी खेळाडू ती घेतल्याशिवाय तळघरात उतरत नसत. सूत्रधाराला ठाऊक असतं की झाकणाच्या बिजागरीत विषारी सुई आहे. खेळाडू काय बोलतात त्यावरून ती टोचते किंवा टोचत नाही. पात्र लढवय्या आहे की मांत्रिक, याचा इथे संबंधच येत नाही. इथे खेळाडूची अक्कल चालते.

चोराबरोबर तक्ता आला. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये पहिल्या लेव्हलच्या चोराला खिसा कापणं ३० टक्के, कुलूप उघडणं २५ टक्के, सापळा शोधणं किंवा काढणं २० टक्के, आवाज न करता चालणं १५ टक्के, सावलीत लपणं १० टक्के, आणि भिंत चढणं मात्र ८५ टक्के. सापळा शोधणं आणि काढणं यांचे फासे वेगळे टाकायचे. म्हणजे सुई सापडण्याची शक्यता पाचात एक, सापडलीच तर निकामी होण्याची पुन्हा पाचात एक. दोन्ही मिळून शंभरात चार. घरफोडीसाठीच म्हणून घेतलेल्या पात्राचा हा आकडा आहे.

नुकसान या लहान आकड्याने तेवढं झालं नाही. तो आकडा चोराच्या नावावर लिहिला गेला, याने झालं. कुलूप हे चोराचं वतन ठरलं. वतनदार कितीही अडाणी असो, वतनात दुसऱ्याने हात घालायचा नाही. काल पाणी ओतून फट शोधणाऱ्या लढवय्याला आज टेबलावरच सांगितलं जाऊ लागलं की तू चोर नाहीस. जुनी रीत पुसली जावी असं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि काही टेबलांवर ती चालूही राहिली. पण छापलेल्या टक्केवारीचं वजनच असं असतं की ती नसलेल्यांच्या हातातली परवानगी आपोआप जाते. ग्रेहॉकने दुसऱ्या बाजूनेही अंतर वाढवलं. लढवय्याच्या तग धरण्याला आठ बाजूंचा फासा, मांत्रिकाच्या आणि चोराच्या वाट्याला चार बाजूंचा. प्रत्येक शस्त्राची जखम निराळी. अठरा शक्तीच्या वर टक्केवारीने मोजायची खास ताकद फक्त लढवय्याला. आजचा विशेषज्ञ त्या एका पुरवणीत उभा राहिला.

त्यानंतर धंद्यांची रांग लागली: रेंजर, मंक, असॅसिन, ड्रुइड. त्यांची यादी करत बसत नाही. एकाकडे मात्र थांबायला हवं. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या पत्रिकेत डग श्वेगमनने बार्ड मांडला. हा गवई थोडा लढणारा, थोडी चोरी करणारा, थोडे मंत्र जाणणारा. हरहुन्नरीपणा हाच ज्याचा धंदा, असं या खेळातलं हे पहिलं पात्र. विशेषज्ञांची गर्दी झाल्यावरच त्याची गरज भासावी यात मला इतिहासाची संगती दिसते. १९७८च्या हँडबुकात तर त्याला परिशिष्टात ढकललं. बार्ड व्हायचं तर आधी लढवय्या म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठा, आठवी गाठण्याआधी तो धंदा सोडून चोर व्हा, पुन्हा पाचवी ते नववीच्या दरम्यान तेही सोडून ड्रुइडांकडे शिकायला जा. शिवाय सहापैकी चार गुण पंधरा किंवा जास्त हवेत. सगळं येणाऱ्याला दारात इतका वेळ उभं करणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच पुस्तकात एल्फाचा करार मात्र गणिताने भलताच फायद्याचा ठरला. दोन धंदे करणाऱ्याचा अनुभव दोन खात्यांत निम्मानिम्मा पडे. पण लेव्हलसाठी लागणारा अनुभव जवळजवळ दुपटीने वाढत होता: लढवय्याला २,०००, ४,०००, ८,०००, १८,०००, ३५,०००. एकूण ४१,००० गुण जमले की निव्वळ लढवय्या सहाव्या लेव्हलवर असे आणि निव्वळ मांत्रिकही सहाव्या. एल्फाच्या दोन्ही खात्यांत २०,५०० पडत. त्यावर तो लढवय्या म्हणून पाचव्या आणि मांत्रिक म्हणून चौथ्या लेव्हलवर. एक-दोन पायऱ्या मागे राहून त्याच्या हाती दोन आयुष्यं. दुपटीच्या शिडीवर निम्मं अंतर म्हणजे साधारण एकच पायरी, हे ज्यांच्या लक्षात आलं ते सगळे एल्फ घेऊ लागले. त्यांना रोखायला होती ती कमाल मर्यादाच. एल्फ कितीही बळकट असला तरी लढवय्या म्हणून सातव्या लेव्हलच्या वर जाऊ शकत नसे. पण किती टेबलं तिथवर पोचत?

दरम्यान क्लास ही कल्पनाच नको म्हणणारे निघाले होते. १९७७ साली मार्क मिलरच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्र नौदलात किंवा व्यापारी जहाजांवर चार-चार वर्षांच्या मुदती घालवून मगच खेळात उतरे. त्या नोकरीत फाशांनी जे कौशल्य पदरात टाकलं ते आपलं; काही पात्रं तर खेळ सुरू होण्याआधी नोकरीतच मरत. मला सर्वांत भावतो तो १९७८चा ‘रूनक्वेस्ट’. स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या साथीदारांनी क्लास काढून टाकले आणि प्रत्येक कौशल्याला टक्के दिले. भाला यशस्वीपणे वापरला की मोहिमेनंतर फासा टाकायचा आणि तो आपल्या सध्याच्या टक्क्यांच्या वर पडला तर पाच टक्के वाढ. बुद्धीचा थोडा फरक सोडला, तर भाला ३० टक्के असणाऱ्याला वाढीची संधी ७० टक्के, ८० टक्के असणाऱ्याला २०. शिकण्यासारखं उरलं असेल तरच शिकता येतं, हे तत्त्व एका फाशात बसवलेलं. यात कोणालाही काहीही करायची बंदी नाही, तरी पट्टीचा भालाईत हळूहळू पोहायला, ऐकायला, लपायला शिकू लागतो, कारण वाढ तिथे सोपी. हरहुन्नरीपणाचा असा नैसर्गिक उतार दुसऱ्या कोणत्या नियमाने मला दाखवलेला नाही.

तिसरी वाट गुण विकत घेण्याची. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’ने ती रुळवली आणि १९८६च्या ‘गर्प्स’ने सगळ्या विषयांसाठी खुली केली. टेक्ससमधल्या स्टीव्ह जॅक्सनच्या या पद्धतीत साध्या नायकाला १०० गुण मिळत; त्यात बुद्धी, चपळाई, कौशल्यं सगळं विकत घ्यायचं. आता क्लासचा पहारा नव्हता, म्हणून भावाचं गणित हाच पहारा. चपळाई १० वरून १४ वर न्यायला ४५ गुण पडत. पण तलवार, धनुष्य, घोडेस्वारी, कुलूप अशी बरीच कौशल्यं चपळाईवरच उभी असल्याने ती सगळी एकदम चार पायऱ्या वर जात. एकाच कौशल्यात तेवढा खर्च करणारा विशेषज्ञ त्यापुढे तोट्यात. म्हणजे मोकळ्या बाजारातही तराजू तटस्थ नव्हता. नियम लिहिणाऱ्याने भाव ठरवला की कोणता स्वभाव स्वस्त पडणार हेही तिथेच ठरतं.

हे सर्वांत स्पष्ट दिसलं २००० साली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी जुन्या मर्यादा काढल्या. कोणीही, कोणत्याही लेव्हलला, कोणताही क्लास घ्यावा. कागदावर हा हरहुन्नरींचा सुवर्णकाळ. पण अनुभवाची शिडी आता दुपटीची राहिली नव्हती आणि लेव्हली सरळ एकमेकींत मिळवायच्या होत्या. दहाव्या लेव्हलचा मांत्रिक पाचव्या दर्जाचे मंत्र टाके. पाच लेव्हली लढवय्याच्या आणि पाच मांत्रिकाच्या घेतलेला तिसऱ्या दर्जावर अडे, आणि समोर उभे राहत ते दहाव्या लेव्हलला साजेसेच राक्षस. जुना एल्फ एक-दोन पायऱ्यांनी मागे होता, हा पाच पायऱ्यांनी. दार उघडं केलं आणि आतली खोली लहान केली, असा हा प्रकार झाला. २००३ मध्ये दोन प्रकारचे मंत्र एकदम वाढवणारा ‘मिस्टिक थीअर्ज’ हा खास क्लास काढावा लागला, तो याच भोकाला ठिगळ म्हणून. दुसरीकडे हुशार खेळाडू एका क्लासची एक लेव्हल, दुसऱ्याच्या दोन असे वेचे गोळा करून त्यातून अधिकच टोकदार विशेषज्ञ घडवू लागले. मोकळीक हरहुन्नरींसाठी दिली होती, ती वापरली विशेषज्ञांनी.

२००८च्या चौथ्या आवृत्तीने तर प्रत्येक क्लासच्या कपाळावर चारांपैकी एक भूमिका लिहून टाकली: आडवा येणारा, घाव घालणारा, आधार देणारा, रणांगण ताब्यात ठेवणारा. टेबलावर जे अनेक वर्षं न बोलता चालू होतं ते तिने छापलं.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने एक गोष्ट मात्र नेमकी केली. तिथे निपुणतेचा एकच आकडा आहे, लेव्हलबरोबर २ ते ६ असा वाढणारा. जे काम शिकलात त्यात तो पूर्ण मिळवायचा. रोग, म्हणजे जुन्या चोराचा वारस, निवडक कामांत तो दुप्पट मिळवतो. बार्डला दुसऱ्या लेव्हलपासून न शिकलेल्या प्रत्येक कामात तो निम्मा मिळतो. चोरपावलांनी जायचं आहे, काठिण्य १५ (वीस बाजूंचा फासा आणि मिळवलेले आकडे मिळून एवढे भरायला हवेत), चपळाईचे ३ सगळ्यांना सारखे. दुसऱ्या लेव्हलला काहीच न शिकलेल्याची शक्यता ४५ टक्के, बार्डची ५०, शिकलेल्याची ५५, रोगची ६५. सतराव्या लेव्हलला चपळाईचे ५ धरले तर तेच आकडे ५५, ७०, ८५ आणि रोगसाठी पूर्ण शंभर. नवखेपणी अंतर कमी, मुरल्यावर जास्त. खऱ्या कारागिरीचाही क्रम असाच असतो. आणि कुलूप उघडण्याची हत्यारं वापरायला चोरच असावं लागत नाही. पूर्वायुष्यात गुन्हेगारी केलेला मांत्रिकही ती चालवतो. १९७५ साली दिलेलं वतन अशा रीतीने खालसा झालं.

काहींनी तर त्याआधीच मागे वळायचं ठरवलं होतं. २००८ साली मॅट फिंच या अमेरिकन लेखकाने १९७४च्या नियमांवर बेतलेला ‘सोर्ड्स अँड विझर्ड्री’ काढला आणि जुन्या पद्धतीने खेळायचं कसं याची छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात एकच खड्डा दोन रीतींनी खेळून दाखवला आहे: एकदा फासा टाकून शोधलेला, एकदा प्रश्न विचारत शोधलेला. याच घराण्यातल्या ‘व्हाइटबॉक्स’ नियमांत मूळचे लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक ठेवले आहेत. चोर वगळला आहे. पाचव्या आवृत्तीवर वाढलेला खेळाडू या टेबलावर आला की सवयीने फासा उचलतो आणि विचारतो, सापळा शोधायला किती मिळवू? त्यावर सूत्रधार त्याला उलट विचारतो: तू नेमकं कुठे बघतो आहेस?